बैलाला विचारणाऱ्या डॉक्टर आपा

कर्जतच्या जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून मी पहिल्या दिवशी हजर झालो, तेव्हा डॉ. झुबेदा खांद्यापर्यंत बाही सारून अडलेल्या म्हशीचं रेडकू सोडवत होत्या. मी अदबीने नमस्कार केला. "नमस्कार नंतर करा हो, आधी शेपटी धरा," त्या म्हणाल्या. मी ती धरली आणि आमची ओळख झाली. सारा तालुका त्यांना आपा म्हणतो, मीही तेच म्हणतो. त्यांच्या साठीनिमित्त चार शब्द लिहिताना अभिमानाने ऊर भरून येतो, हे कशाला लपवू?

आमच्या डोंगरपट्टीत गुरं रानात चरतात. कानातले क्रमांकाचे बिल्ले करवंदीच्या जाळीत अडकून तुटतात. म्हणून आपांनी मोठ्या हौसेने चिप टोचायला सुरुवात केली. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, आत तारेचं वेटोळं आणि एक क्रमांक. ती मानेच्या कातडीखाली बसते. लोकांना वाटलं, आता जनावर हरवलं की डॉक्टरीणबाई दवाखान्यात बसूनच ठिकाण सांगणार.

कोंडाणे लेण्यांजवळच्या वाडीतल्या हिराबाईंचा चिप टोचलेला बैल भातखाचराच्या ऐन चिखलणीत हरवला, तेव्हा त्यांनी फोनवर हेच विचारलं. "आपा, बगा ना मशीनीत, कुठं हाय माजा बैल?" एका बैलावर चिखलणी होणार नव्हती. लावणी बुडाली असती, तर वर्षभराचा भात गेला असता. फोनवरच "तसं नसतं" म्हणून आपांना सुटता आलं असतं. पण त्या वाडीवर गेल्या आणि ओट्यावर बसून, चिप वाचायचं यंत्र हातात घेऊन समजावू लागल्या, "हिराबाई, चिपेत सेल नाही. ती आपण होऊन हाक मारत नाही. या यंत्रातून लहरी निघतात, त्यांच्यामुळे तिच्या वेटोळ्यात वीज तयार होते आणि तेवढ्या विजेवर ती आपला क्रमांक सांगते. तेही यंत्र अगदी जवळ नेलं तरच. बैल आधी शोधावा लागेल."

हिराबाईंनी तो शोधला, खालापूरकडच्या एका गोठ्यात. गोठ्याचे मालक गणपतराव म्हणाले, "बाजारातनं इकत आणलाय. माजा हाय ह्यो." माणूस खोटा नव्हता, पण बैल सोडायला तयार नव्हता. आपा यंत्र घेऊन पोचल्या. मानेवर फिरवलं, काहीच नाही. पुन्हा फिरवलं. गर्दीत कुणीतरी हसलं. हिराबाईंनी चिप टोचताना मिळालेलं क्रमांकाचं कार्ड पुढे केलं.

आपांनी यंत्र चक्क गणपतरावांच्याच हातात दिलं. "तुम्हीच धरा, दादा. चिप कधी कधी कातडीखाली सरकते. मानेवरून खाली सावकाश या." गणपतरावांनी यंत्र बैलाच्या खांद्यावर आणलं, मग पुढच्या पायाकडे. तिथे ते वाजलं. पडद्यावरचा क्रमांक त्यांनी स्वतःच मोठ्याने वाचला. हिराबाईंच्या कार्डावर तोच होता. गणपतरावांनी दावं सोडून हिराबाईंच्या हातात दिलं. आपांनी गणपतरावांनाही वाऱ्यावर सोडलं नाही, विकणाऱ्याला गाठायला त्या स्वतः त्यांच्याबरोबर बाजारात गेल्या. असा अधिकारी मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

बैल घेऊन निघताना हिराबाई म्हणाल्या, "आपा, बैल बोलला खरा. पन तुमी आल्या नसत्या, तर त्याला इचारलं असतं कुनी? आनि मला तरी?"

आपा, तब्येत सांभाळा आणि शंभरी गाठा. वाडीवर जाऊन विचारणारं दुसरं कोणी आम्हाला अजून मिळालेलं नाही.