दगड फिरवणाऱ्यानं बोलायचं नाही

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी इडलीचं पीठ वाटलं. तेच शेवटचं. बेंगळुरात आमच्यासारख्यांच्या घरी रगडा स्वयंपाकघराच्या जमिनीतच पुरलेला असतो. खळग्यात दगडी गुंडा घालून तो गोल फिरवायचा आणि कडेला चढलेलं पीठ दुसऱ्या हातानं परत आत लोटायचं. बाकीच्या घरी एकच बाई दोन्ही करते. आमच्या घरी मी गुंडा फिरवायचो, माझी बायको तारा समोर बसून पीठ लोटायची, आणि वाटून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही असा तिचा नियम होता. उडीद लोण्यासारखे झाले तेव्हा ती म्हणाली, "बस्स. दगड सकाळी धुते, आज कंबर धरलीय." रात्री झोपेतच गेली.

मी जटका, म्हणजे टांगा, हाकायचो. अड्ड्यावर मला हसायचे. "काय हो, आज किती शेर वाटलंत? आमच्या घरी येता का कामाला?" मी म्हणायचो, तुझी बायको ठेवून घेईल, मग तू कुठं जाशील? खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. तारा होती तोवर सांगायचं नव्हतं.

आमची आधीची दोन पोरं जगली नाहीत. मग सुमी झाली. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, सुमी तीन वर्षांची होती. मल्लेश्वरमच्या मागच्या गल्लीत राहायचो आम्ही, अजून तिथंच राहतो. मी अंगणात घोडीचा साज उतरवत होतो. आत तारा एकटीच वाटत होती आणि पोर तिच्यासमोर बसली होती. भिंतीपलीकडून सरोजक्कानं हाक मारली, "तारक्का, स्वल्प कढीपत्ता आहे का?" तारानं मान वळवली, "आहे की, या!" मान वळली, पण हात थांबला नाही. वर्षानुवर्षं फिरवणारा हात, तो आपला फिरतच राहतो. आणि सुमीनं आईसारखं पीठ लोटायला बोटं आत घातली...

पोर आधी रडलीच नाही. तारा ओरडली. मी आत गेलो तर पीठ लाल झालेलं आणि तारानं पोरीचा हात आपल्या मुठीत गच्च धरलेला. सरोजक्का कॉफीची पूड घेऊन धावली, "दाबा, दाबा, रक्त थांबतं!" मागून कुणी हळद आणली. तारा मूठ उघडायला तयार नाही. मी तिच्या अंगावर ओरडलो, "लक्ष कुठं होतं तुझं? चूक तुझी आहे!" चूक तिचीच होती, आजही मी तेच म्हणतो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हो, माझीच. आता घोडी जुंपा."

घोडी दिवसभर पळून दमलेली, तोंडात गवत. तिला मी कधी चाबूक लावला नव्हता, त्या दिवशी लावला. मागं पोर आता किंचाळत होती आणि तारा एकच बोलत होती, "हळू नका हाकू. हळू नका हाकू." दवाखान्यात डॉक्टरला आधी ताराचीच बोटं एकेक करून उघडावी लागली, तेव्हा कुठं पोरीचा हात दिसला. उजवा हात. दोन बोटं चेंगरलेली. डॉक्टर कानडीत म्हणाला, मधलं जुळेल, पण त्याच्या शेजारचं काळं पडलं तर कापावं लागेल. वाट बघू.

ती वाट बघणं फार वाईट. घरी येणारी प्रत्येक बाई म्हणायची, मुलीची जात, त्यात उजवा हात, हिला कोण करून घेणार. तारा त्यांना कॉफी द्यायची. पट्टी सोडायच्या वेळी मी बोटाकडं बघायचो, ती डॉक्टरच्या तोंडाकडं बघायची. एके दिवशी त्यानं बोट दाबलं, सोडलं, परत दाबलं... आणि "सरी" म्हणाला, म्हणजे ठीक आहे. रक्त खेळत होतं. बोट राहिलं. वाकडं राहिलं, नख आलं नाही, पण राहिलं. तारा तिथंच दवाखान्याच्या फरशीवर बसली.

घरी आल्यावर मी पहार आणली. म्हटलं, हा दगड उपटूनच टाकतो. तारा रगड्यावर जाऊन बसली. "काढायचा नाही. काढलात तर पोर जन्मभर दगडाला भिईल."

"मग वाटणार कोण? तू तर हात लावत नाहीस."

"तुम्ही फिरवा. माझी बोटं आत असतील. दगड फिरवणाऱ्यानं बोलायचं नाही, इकडं तिकडं बघायचं नाही."

तेव्हापासून ते असं. पहिल्या दिवशी तिच्या हातून निम्मं पीठ बाहेर सांडलं. ती लोटत राहिली.

सुमी दहाची झाली तेव्हा एकदा मधे येऊन बसली. "आई, मी लोटू?" मला वाटलं, नाही म्हणेल. तिनं आपला हात काढून घेतला. "लोट." मी फिरवत होतो, घाम डोळ्यात गेला तरी पुसला नाही. ते वाकडं बोट गुंड्याच्या मागं मागं फिरत होतं आणि तारा श्वास धरून बसली होती. वाटून झाल्यावर ती मागच्या दारी गेली आणि ओकली. परत येऊन म्हणाली, "पुढच्या शनिवारीपण तूच बस."

सुमी आता जयनगरला असते. तारा गेली त्या रविवारी उजाडताना नवऱ्याबरोबर आली. ताराला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, माणसं जमत होती. मी आत गेलो. रगड्यात उरलेलं पीठ तसंच वाळत आलेलं, कडेला ताराच्या बोटांच्या चार रेघा. मी पाणी ओतलं. सरोजक्का दारातून म्हणाली, "अण्णा, हे आत्ताच करायचं का?"

म्हटलं, वाळलं की सुटत नाही. सकाळी धुते म्हणाली होती.

सुमी समोर येऊन बसली. पदर खोचला, हात खळग्यात घातला.

"फिरवा, अप्पा."

मी फिरवला. कुणी बोललं नाही.