पत्रकात नसलेली थंडी

शिसं हे विष आहे, हे मी आजही म्हणते. कॉलेजात वाटायला मी काढलेल्या पत्रकातही तसंच छापलं होतं, ठळक अक्षरांत. शिशाची बॅटरी जड, लवकर मरते, आणि ती जिथे वितळवतात तिथल्या पोरांच्या अंगात शिसं भिनतं. लिथियमची हलकी, कितीतरी जास्त टिकते. मी अकोल्याची, घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरत उन्हाळे काढलेले. म्हणून कडक उन्हात कोणती किती तग धरते, तेही लिहिलं. थंडीबद्दल एक ओळ नाही. आणि हे परदेशात, हिवाळाभर बर्फात गोठणाऱ्या हॅमिल्टनमध्ये बसून!

ज्यांच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहायचे, ते काका पुलांचे इंजिनीअर, निवृत्त. गुडघे गेलेले. बसून चालवायच्या विजेच्या स्कूटरवरून रोज दुपारी डबा घेऊन नर्सिंग होममध्ये काकूंना भरवायला जायचे. काकूंना विस्मरणाचा आजार. दुसऱ्या कुणाच्या हातचं त्या खायच्याच नाहीत.

"अगं, चालतेय ना जुनी बॅटरी? कशाला हात लावतेस?"

"काका, तुम्ही अजून सत्तर सालातच राहता."

"बरं बाई. मी पुलांचा माणूस. तुझं तू बघ."

मी बघितलं. सप्टेंबरात लिथियम बसवून घेतली, जुन्या बॅटऱ्या रिसायकलिंगला देऊन टाकल्या. देण्याआधी त्या बॅटऱ्यांसोबत फोटोही काढला.

लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते. खराब होऊ नये म्हणून आतली यंत्रणाच वीज तोडते, आणि चार्जरचा दिवा मात्र हिरवा होतो, बॅटरी भरल्यासारखा. स्कूटरवरचा काटा शिशाच्या हिशोबाने केलेला. नवी बॅटरी संपत आली तरी तो भरलेलीच दाखवायचा. हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला कुणी हात धरला होता?

जानेवारीत स्कूटर रोज घराच्या गार गॅरेजमध्ये चार्जिंगला लागत होती आणि काका रोज हिरवा दिवा बघून निघत होते. एके दुपारी ती रस्त्याच्या कडेला बंद पडली. त्यांनी मला फोन केला. मी कॉलेजात पत्रकं वाटत एका मुलाशी तावातावाने वाद घालत होते. फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला.

वाद जिंकून मी उलटा फोन लावला.

"पोचलो गं," काका म्हणाले. "काठी होती म्हणून बरं. जरा उशीर झाला."

मी धावत नर्सिंग होममध्ये गेले. काठी आणि डबा धरता यावा म्हणून त्यांनी हातमोजे काढले होते. बोटं पांढरी पडली होती, वळत नव्हती. मीच भात कालवला.

"काकू, एवढा एक घास."

काकूंनी तोंड फिरवलं. "ही कोण बाई?" त्यांनी काकांना विचारलं.

"आपलीच आहे. खा."

नाही खाल्लं. काका मला म्हणाले, "जुन्या बॅटऱ्या कुठे आहेत गं?"

"दिल्या, काका."

"हं."

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. भांडता मला येतं. पण त्यांनी हात काखेत धरून थोडे गरम केले आणि घास उचलला. काकूंनी लगेच तोंड उघडलं. ओठांना ती बोटं लागली मात्र, त्या दचकून मागे सरकल्या. इतकी गार होती.

"आज भूक नसेल तिला," म्हणत काकांनी डब्याचं झाकण लावलं.

भूक होती. काकू त्या डब्याकडेच बघत होत्या.