मोतीरामचं गोडं पाणी

निवृत्तीच्या घरी गेलेल्या माणसाला सगळं मिळायचं. बसायला घोंगडी, पान-सुपारी, हंगाम असेल तर हुरडा, आणि अडलं-नडलं असेल तर दारची बैलजोडीसुद्धा. फक्त निवृत्तीच्या हातचं पाणी मिळायचं नाही. वैशाखाच्या उन्हात दोन कोस तुडवत आलेल्या पाहुण्याला हा गृहस्थ जागचा न हलता सांगायचा, "रांजण तठी हाय, घ्या." आमच्याकडे हे म्हणजे तोंडावर दार लावणंच झालं. मग बायको सत्यभामाबाई आतून धावत यायची, पाहुण्यापुढे तांब्या धरायची आणि नवऱ्याकडे डोळे वटारायची. निवृत्ती खाली मान घालून सुपारी कातरत बसायचा.

गावही असं, की पाण्याला मोल. संग्रामपूरच्या खालच्या अंगाला खारपाणपट्टा लागतो, त्यातलं हे गाव. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. प्यायचं गोडं पाणी नदीच्या वाळूत झिरा खणून वाटी-वाटीनं भरायचं आणि डोक्यावर घरी आणायचं. अशा गावात पाहुण्याला गोड्या पाण्याचा तांब्या पुढे करणं हाच खरा मान, आणि तोच निवृत्ती चुकवायचा. कोणी म्हणे, गर्व आहे. कोणी म्हणे, कुठल्या बुवाला शब्द दिलाय. बाप मरणाला टेकला तेव्हा थोरला लेक म्हणून तोंडात पाणी घालायला निवृत्तीलाच बोलावलं, तर हा गोठ्यात जाऊन बसला. धाकट्यानं पाणी घातलं. भावकीनं तेव्हा जी तोंडं सोडली, ती पुढं कित्येक वर्षं मिटली नाहीत.

खरं कारण फक्त निवृत्तीला ठाऊक होतं. ते कारण म्हणजे मोतीराम, त्याचा जिवाभावाचा मैतर.

मोतीराम हा सोजराबाईचा एकुलता एक. नवरा लवकर गेलेला, त्यामुळे बाईचा सगळा जीव त्या पोरात. दोन्ही घरांच्या शेताचा बांध एक, पोरं एका वयाची. एकाला ठेच लागली तर दुसरा कळवळायचा, असं गाव म्हणायचं, आणि ते खोटं नव्हतं. मोतीराम तोंडाचा फाटका, पण मनाचा लोण्यासारखा. त्याला एकच शौक, गोड्या पाण्याचा. शेतात जाताना खांद्याला वाळल्या भोपळ्याचा तुंबा, त्यात झिऱ्याचं पाणी. एक घोट घेऊन कोणत्या झिऱ्याचं ते सांगायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याचं लग्न जुळलं, ते जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात. मुलगी कशी आहे विचारलं तर म्हणाला, "पोरगी त चांगलीच हाय बे, पण तिच्या गावची विहीर पाह्यशील त पागल होशील! हुंड्यात तेच मांगतो." सोजराबाईनं हे ऐकलं आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते साल एकोणीसशे अठराचं. दसऱ्याच्या सुमारास मानमोडीचा ताप आला. घरटी माणसं आडवी पडली. सकाळी ज्यानं खांदा दिला तो संध्याकाळी स्वतःच तिरडीवर, अशी गत. मोतीराम अंथरुणाला खिळला आणि औषध देणाऱ्या वैद्यबुवानं सोजराबाईला बजावलं, की पाण्याचा थेंब द्यायचा नाही. पाण्यानं ताप पोटात उतरतो, आणि एकदा उतरला की माणूस हाती लागत नाही. त्या वेळी साऱ्या गावाची हीच समजूत होती. सोजराबाईनं पोराच्या नजरेलाही पाणी पडू नये म्हणून घरातली घागर उचलून शेजारी नेऊन ठेवली.

तीन दिवस मोतीराम पाणी मागत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी सोजराबाई काढा आणायला वैद्याकडे गेली आणि निवृत्तीला उशाशी बसवून गेली. जाताना पुन्हा म्हणाली, "पाणी नको देजो रे बाबा, तुले माही आन हाय."

ती गेल्यावर मोतीरामनं डोळे उघडले. "निवृत्त्या, पाणी पाज बे."

"काकीनं नाई सांगतलं."

"माही जीभ त पाह्य." त्यानं जीभ दाखवली. ती काळी पडली होती, चिरली होती. "झिऱ्याचं आन. मायले नको सांगू."

निवृत्ती उठला. तांब्या घेऊन नदीवर पळत गेला, झिऱ्याचं पाणी भरलं, पळत आला. मोतीरामला मानेखाली हात घालून बसवलं. त्यानं दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि न थांबता सगळा रिकामा केला. मग दम घेऊन म्हणाला, "खालच्या अंगाचा झिरा हाय न? वळखलं म्या." आणि निवृत्तीकडे बघून हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला शांत झोप लागली. निवृत्तीनं तांब्या पुसून जागेवर ठेवला.

दिवेलागणीच्या आत मोतीराम गेला. सोजराबाई रडली नाही. काढ्याची वाटी हातात घेऊन नुसती बसून राहिली, आणि निवृत्ती तिच्यासमोर भिंतीला टेकून उभा. तिला सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण तो तिरडीचे बांबू बघायला बाहेर पडला.

त्या महिन्यात गावातली चाळीसेक माणसं गेली, आणि त्यातल्या बहुतेकांच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता. मग त्यांना कोणी मारलं, हा साधा प्रश्न निवृत्तीला कधी पडला नाही. मनात एकदा एक गोष्ट रुतली की शहाणपण कुठं कामाला येतं! आपल्या हातच्या पाण्यानं मोतीराम गेला, एवढंच त्याच्या मनानं धरलं. त्या दिवसापासून त्यानं कोणाला स्वतःच्या हातानं पाणी दिलं नाही.

बाकी काही द्यायचं मात्र ठेवलं नाही. पेरणी आधी सोजराबाईच्या वावरात, मग आपल्या. तिचं छप्पर शाकारणं, तिचा कापूस बाजारात नेणं, तिची गाय विणार असली की रात्रभर जागणं. ती म्हणायची, "एक नेला देवानं, पण एक ठेवला." हे ऐकलं की निवृत्ती काहीतरी काम काढून तिथून उठायचा.

सगळ्यात वाईट दिवस अखाजीचा. अक्षय तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसांसाठी नवी घागर भरतात, कारण वैशाखात पितर तहानलेले येतात म्हणे. गेलेल्याच्या नावानं बाहेरचा एक माणूस पितर म्हणून जेवायला बोलावतात. त्याचे पाय धुतात, त्या घागरीतलं पाणी आधी त्याला देतात, मग तो जेवतो. सोजराबाईकडे शेजारचे किसनराव पितर बसायचे. निवृत्ती त्या दिवशी हटकून जळगावच्या बाजाराला, बैल बघायला. सतरा वर्षं त्यानं बैल बघितले आणि एकदाही घेतला नाही.

छत्तीस साली माघात किसनराव वारले. अखाजीच्या आदल्या दिवशी सोजराबाई काठी टेकत स्वतः निवृत्तीच्या दारात आली.

"उद्या पितर बसाले ये, बापू. मोतीरामच्या नावानं."

"काकी, मले उद्या जळगावले..."

"बैल कुठी पळून नाई चालले. पुढच्या सालची घागर मी भरीन का नाई, कोणाले ठाव? एक डाव त्याच्या पाटावर तुले पाहू दे."

ती गेल्यावर सत्यभामाबाई म्हणाली, "पितराच्या आवतनाले नाई नसते म्हणत. अन् थे तुमची कोन होय, हे मी सांगाव का?"  त्या दिवशी निवृत्तीला कळून चुकलं, की उद्या त्या पाटावर बसायचं तर खरं सांगून, नाहीतर बसायचंच नाही. सांगितलं की ही माय तुटणार. त्याच्या मते ती तुटायलाच हवी होती, फक्त धीर होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो पाटावर बसला. सोजराबाईनं त्याचे पाय धुतले. पुरणपोळी, आमरस, कुरडई वाढून ठेवलं. नव्या घागरीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि पुढे धरलं. "पयले पाणी पे. तहानेलं आलं असन माहं लेकरू."

निवृत्तीनं तांब्या घेतला नाही. त्यानं तिचे पाय धरले.

"काकी, म्या तुही आन मोडली. तू काढा आनाले गेलती तवा म्या त्याले पाणी पाजलं. त्यानंच मेला तो. म्या मारलं त्याले."

सोजराबाईचा हात तसाच राहिला. तिनं विचारलं, "कोनतं पाणी?"

"झिऱ्याचं."

"किती?"

"तांब्याभर."

"सारं पिला?"

"हाव. एका दमात. कोनत्या झिऱ्याचं थे वळखलं त्यानं. मंग हासला, अन् निजला."

"हासला?"

"हाव, काकी."

तिनं तांब्या खाली ठेवला आणि ती त्याच्यासमोर बसली. "अठरा वर्सं," ती म्हणाली, "म्या त्याच्या समोरून घागर उचलून नेल्ली. तीन रोज थो 'माय, पाणी' म्हणे, अन् मी दुसरीकडं तोंड करो. माहं लेकरू माह्या हातानं तहानेलं मेलं, हेच धरून बसली होती मी. अन् तू... तू पाजलं होतं त्याले?"

"काकी, माह्या पाण्यानं..."

"गप रे! मरनारा मरतेच. आख्खं गाव मेलं तवा." तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "पोटभर पिला न? मले पुन्हा सांग. पोटभर पिला न?"

त्यानं पुन्हा सांगितलं. आणि अठरा वर्षांपूर्वी जी बाई रडली नव्हती, ती छाती पिटून रडायला लागली, इतक्या मोठ्यानं की गल्लीतल्या बाया हातातलं टाकून दारात जमल्या. काय झालं कोणालाच कळेना. सोजराबाई उठून दारापर्यंत गेली आणि एकेकीचा दंड धरून सांगत राहिली, "माहा मोतीराम पाणी पिऊन गेला, बायांनो. माहं लेकरू पाणी पिऊन गेलं."