त्याच्या सगळ्या लाइफ

माझ्या चेहऱ्याचा एक स्टिकर मोबाइलवर फिरत होता. अजूनही फिरत असेल. त्यात माझं तोंड अर्धवट उघडं आहे, हातात व्हिडिओ गेमचा रिमोट आहे आणि खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलंय, ‘टीव्हीचाच दोष!’ कुणाची भाजी करपली, कुणाचं मांजर कपाटावरून पडलं, की ग्रुपवर माझं तोंड यायचं. ज्याने तो बनवला त्याचं मी काय केलं, ते सांगते.

आमची घाटकोपरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माळा रिकामा करताना माझी लहानपणीची टीव्ही गेमची मशीन सापडली. चिनी बनावटीची, सोबत बुटाच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी. आई मालवणीत म्हणाली, "भंगारात घाल गो ता." मी भाड्याच्या घरात ती आमच्या जुन्या डब्बा टीव्हीला जोडली, कॅसेटमध्ये फुंकर मारली आणि पडद्यावर चांदण्या सरकायला लागल्या. इन्शुरन्सच्या ऑफिसात दिवसभर क्लेम तपासणारी, चाळिशी उलटलेली बाई मी, जमिनीवर फतकल मारून परग्रहवाल्यांची यानं उडवत बसले. आई दारात उभी राहून बघत होती. तिने जेवायला हाकसुद्धा मारली नाही.

मग ग्रुप सापडला. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतची, असले जुने गेम खेळणारी माणसं. दर महिन्याला एक गेम ठरायचा आणि तो सायन्स फिक्शनचाच असायचा, कारण अ‍ॅडमिनला तेच आवडायचं : यानं, रोबो, परग्रह. महिनाभर घरी खेळायचं, टीव्हीवरच्या स्कोअरचा फोटो टाकायचा, शेवटच्या रविवारी सगळ्यांनी भेटायचं. ज्याचा स्कोअर सगळ्यात जास्त, तो पुढच्या महिन्याचा गेम निवडणार. जिंकणारा बहुतेक अ‍ॅडमिनच असायचा.

तो मुलुंडला राहायचा. जाहिरातीच्या धंद्यात होता, माझ्याहून थोडा लहान. त्याच्याकडे परदेशातून मागवलेल्या मशीन होत्या, काचेच्या कपाटात मांडलेल्या. बोलायला गोड होता. सगळ्यांची टर उडवायचा आणि वर म्हणायचा, "मजाक आहे यार."

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात मी त्याला मागे टाकलं. साधा यानांचा गेम होता. लहानपणी मी तो इतका खेळले होते की शत्रू कुठून येणार हे बोटांनाच ठाऊक होतं. फोटो टाकला आणि स्वयंपाकाला लागले. परत येऊन बघते तर अ‍ॅडमिनने लिहिलेलं, "ताई, मिस्टरांना ग्रुपमध्ये अ‍ॅड करू का? डायरेक्ट त्यांनाच शाबासकी देऊ." खाली हसऱ्या तोंडांची रांग. माझं लग्न झालेलं नाही. मी लिहिलं, "मीच खेळलेय." तो म्हणाला, "मग रविवारी सगळ्यांसमोर खेळून दाखवा ना."

मी गेले. त्याच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये भिंतीएवढा नवा टीव्ही लावला होता. रिमोट हातात घेतल्यावर पहिल्याच मिनिटात कळलं, बटण दाबल्यावर यान किंचित उशिरा हलतंय. अगदी किंचित. पण त्या गेममध्ये तेवढ्यात माणूस मरतो. मी मेले. पुन्हा मेले. "टीव्ही उशिरा दाखवतोय," मी म्हणाले.

"अरे, आता टीव्हीचा दोष!" अ‍ॅडमिन ओरडला आणि खोली खदखदून हसली. कुणीतरी फोटो काढत होतं. माझा स्कोअर रद्द झाला, पुन्हा अ‍ॅडमिनच पहिला ठरला. रात्रीपर्यंत त्याने स्टिकर बनवून ग्रुपवर टाकलाही.

नंतरच्या आठवड्यात आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एका ज्युनिअरने तोच स्टिकर टाकला. कुणाचातरी क्लेम नामंजूर झाला होता, त्यावर. त्या पोराला तो त्याच्या भावाकडून आला होता. त्यातली बाई त्याच्यापासून दोन टेबलं सोडून बसते हे त्याच्या लक्षातच आलं नाही. बाकीच्यांच्या आलं. ते आपापल्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसले. मी डबा न खाता घरी आणला. आईने तो उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणी काय बोल्ला तुका?"

"कोणी नाही," मी म्हटलं. आणि त्याच क्षणी ठरवलं, ह्याला सोडायचं नाही.

मी ग्रुप सोडला नाही. उलट जास्तच गोड झाले. त्याच्या प्रत्येक फोटोला अंगठा दिला. स्टिकर आला की मीही हसरं तोंड टाकायची. लोक म्हणायचे, "ताई स्पोर्टिंग आहेत." आणि रोज ऑफिसातून आल्यावर हातपाय धुऊन मी मशीन लावायची. अंगठ्याला घट्टा पडला. इतका राग पोटात घेऊन मी कुठलंच काम कधी केलं नव्हतं, आणि खरं सांगते, इतकं छानही मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढची एक भेट मढला झाली. आमच्यात मढचे एक अंकल होते, तिथल्या जुन्या ख्रिश्चन घरातले, बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्या ओटीवर माझ्यासारखाच डब्बा टीव्ही होता. शेजारच्या बंगल्यात कसलंतरी शूटिंग चाललं होतं, त्यामुळे लाइट सारखी कमी-जास्त व्हायची, पण टीव्ही टिकला. त्या महिन्याचा गेम सगळ्यांनी समोरासमोर खेळायचा ठरला आणि मी जिंकले. घासून नाही, चांगल्या फरकाने. अंकलनी बांगड्याचा तुकडा माझ्या ताटात वाढत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "त्या नव्या टीव्हीवर खेळ लेट दिसतो रे. पोरगी खरं बोलत होती."

अ‍ॅडमिनने टाळ्या वाजवल्या. "आज लक होतं ताईंचं," तो म्हणाला.

सॉरी म्हणाला असता तर कदाचित मी तिथेच थांबले असते. कदाचित.

आता गेम मी निवडणार होते. मी दोघांनी मिळून खेळायचा गेम निवडला. दोन सैनिक एका परग्रहावर उतरतात आणि तिथला तळ उद्ध्वस्त करतात. स्कोअर दोघांचा मिळून. त्यात एक गंमत आहे, ती लहानपणी खेळलेल्या सगळ्यांना माहीत असते : तुमच्या लाइफ संपल्या की बटण दाबून जोडीदाराची एक लाइफ घेता येते. त्याला विचारावं लागत नाही.

जोड्या ज्याच्या त्याने जमवायच्या होत्या. दोन दिवसांत सगळ्यांच्या जमल्या, अंकलनी बोरिवलीच्या एका शिक्षकाला धरलं. अ‍ॅडमिनबरोबर खेळायला कोणी तयार होईना. एकाचा हात दुखत होता, दुसऱ्याने आधीच शब्द दिला होता. ज्यांची ज्यांची टर उडवली होती ते सगळे अगदी नम्र झाले होते. मी वाट बघत होते. शेवटी फोन आलाच.

"ऐक ना, जुनं सोड यार," तो म्हणाला. ‘ताई’वरून ‘तू’वर आला होता. "तू आणि मी एकत्र खेळलो तर कोण हरवणार आपल्याला?"

"कोणीच नाही," मी म्हणाले. "खेळू या."

सरावाला मी त्याच्या घरी गेले. आमचं चांगलं जमलं, हे कबूल करायला हवं. तो उजवीकडचे सांभाळायचा, मी वरचे. एकदा तर शेवटपर्यंत पोचल्यावर त्याने मला टाळी दिली आणि क्षणभर मला वाटलं, जाऊ दे. तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली. "अय्या, तुम्हीच ना त्या स्टिकरवाल्या? माझ्या माहेरच्या ग्रुपवर पण आहे तो! माझी आई रोज टाकते."

"हो, मीच," मी म्हणाले. चहा चांगला होता, सगळा प्यायले.

शेवटच्या रविवारी पुन्हा तेच क्लब हाउस. मी अट घातली होती की डब्बा टीव्ही हवा, आणि त्याने कुठूनतरी आणला होता. अंकल आणि शिक्षकांचा स्कोअर सगळ्यात वर होता. आमची पाळी शेवटची. आम्ही सुसाट निघालो. धबधबा पार केला, बर्फ पार केला, लोक उभे राहून बघायला लागले. त्याच्याकडे भरपूर लाइफ साठल्या होत्या. तो मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "बघताय ना?"

परग्रहवाल्यांच्या गुहेच्या तोंडाशी मी माझा सैनिक खड्ड्यात ढकलला. मग पुन्हा. माझ्या संपल्या. मी बटण दाबलं.

"ठीक आहे, घे एक," तो म्हणाला.

मी घेतली आणि सरळ खड्ड्यात उडी मारली. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा उडी.

"काय करतेस?"

"तुझ्या लाइफ घेतेय."

"अगं, आपण जिंकतोय!"

"माहितीये."

त्याने माझ्या रिमोटकडे हात नेला, मी तो मागे घेतला. त्याचा सैनिक एकटाच गोळ्या झाडत उभा होता आणि वर त्याच्या लाइफचा आकडा कमी होत होता. त्याचे कान लाल झाले होते. ते मी नीट बघून घेतलं. शेवटची लाइफ मी जरा थांबून घेतली, मग तीही खड्ड्यात टाकली. तो गडबडला, एका गोळीत गेला आणि पडद्यावर ‘गेम ओव्हर’ आलं.

"तो यानांचा स्कोअर माझाच होता," मी उभी राहत म्हणाले. "मला मिस्टर नाहीत."

"गेम आहे यार," तो पुटपुटला. "एवढं मनाला लावून घेतात का?" पण हसला नाही, आणि दुसरंही कोणी हसलं नाही.

खाली उतरेपर्यंत त्याने मला ग्रुपमधून काढलं होतं. अंकल माझ्या मागोमाग रिक्षापर्यंत आले. जिंकले होते, पण खूश दिसत नव्हते. "मढला जिंकलीस ना पोरी? तेवढं पुरे होतं. हे जरा जास्त झालं."

"तुमचं तोंड नाही फिरलं गावभर, अंकल."

त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी नाही, ऐकलं एवढ्यापुरती.

नंतर निम्मे लोक बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा ग्रुप काढला. त्यात मी आहे, अंकलही आहेत. दर महिन्याचा गेम चालू आहे. अंकल माझ्याशी पूर्वीसारखेच बोलतात, फक्त जोडीचा गेम असला की त्यांना दुसरं कोणीतरी मिळालेलं असतं. ते मला लागतं, पण मी समजू शकते.

अ‍ॅडमिनचा मेसेज खूप महिन्यांनी आला. लांबलचक होता. स्टिकरबद्दल सॉरी, बायकोनेही समजावलं, वगैरे. शेवटी विचारलं होतं, एकदा भेटून बोलू या का. आईसमोर बसून मी तो वाचला. आई म्हणाली, "सॉरी म्हणता मां? सोड आता."

मी मेसेज पुन्हा एकदा वाचला, सावकाश, जिभेवर चव घोळवावी तसा. उत्तर दिलं नाही. वाचल्याच्या निळ्या खुणा त्याला दिसत असणार. दिसू देत.