वन्संचा गुडघा

वन्संचा आणि माझा, दोघींचा उजवा गुडघा एकाच आठवड्यात बदलला. मंगळवारी माझा, गुरुवारी त्यांचा. डॉक्टर तेच, वॉर्ड तोच, घरी व्यायाम करून घ्यायला येणारी फिजिओबाईही तीच. "एकदाच काय ती धावपळ," असं म्हणून यांनीच ही सोय केली. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. त्या तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत राहतात, आम्ही वरच्या मजल्यावर. त्या अडुसष्ट वर्षांच्या, मी चौसष्ट. तेव्हा वयाच्या मानानं माझा गुडघा आधी वाकायला हवा होता. वाकला त्यांचा.

वन्संबद्दल लिहायचं तर शिलाई मशीनपासूनच सुरुवात करावी लागते. त्या अकरा वर्षांच्या असताना वडील गेले आणि त्या एका शिंप्याच्या दुकानात काजं करायला बसल्या. वर्षभरात मशीनवर गेल्या. धाकट्या भावाची शाळा, बूट, पुस्तकं सगळं त्या मशीनमधून निघालं. पुढे त्यांचं लग्न झालं, तीन वर्षांत नवरा आजारानं गेला आणि त्या मशीनसकट भावाकडे परत आल्या. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाच्या पँटची चेन, काही म्हणून त्यांनी परत पाठवलं नाही. माणूस दारात उभा राहिला की टेप हातात घ्यायच्या आत माप सांगायच्या. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मलाही डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "कंबर अठ्ठावीस, राग छत्तीस." सगळं घर हसलं. अडतीस वर्षं झाली, कंबर रागाच्याही पुढे गेली, पण ते हसणं काही माझ्या कानांतून जात नाही.

हे कामावरून आले की आधी पुढच्या खोलीत जायचे. पंधरा मिनिटं बहिणीशी बोलायचे, मग जिना चढायचे. निवृत्त झाल्यावर ती पंधरा मिनिटं तासावर गेली. तक्रार कुठल्या तोंडानं करणार? जिनं शिवून शिवून भावाला माणसात आणलं, तिचा हेवा करणारी मी कोण? पण करत होते. सकाळी देवापुढे बसून कबूल करायचे, उठून पुन्हा करायचे.

मी रोज वहीत चार ओळी लिहिते, म्हणून वन्सं मला 'वहीवाली' म्हणतात. ऑपरेशननंतर त्या चार ओळींच्या जागी दोन आकडे येऊ लागले. डावीकडे माझा गुडघा किती अंशांत वाकला ते, उजवीकडे त्यांचा. तिसऱ्या आठवड्यात माझे साठ, त्यांचे अठ्ठ्याऐंशी. पाचव्यात माझे सत्तर, त्यांचे एकशे चार.

"खाली किती झाले आज?" मी फिजिओबाईला विचारायचे.

"काकू, तुलना करायची नाही असं ठरलंय ना आपलं?"

"तुलना कोण करतंय? नणंद आहे माझी. चौकशी करायला नको?"

संध्याकाळी हे वर येऊन सांगायचे, "ताई आज काठीशिवाय फाटकापर्यंत गेली."

"जाणारच. त्यांना कुठे जिना उतरावा लागतो?" मी म्हणायचे. त्यावर हे गप्प बसायचे, आणि यांचं गप्प बसणं म्हणजे बहिणीची बाजू घेणं, हे मला पाठ आहे.

एका बाबतीत मात्र मी वन्संच्या वरचढ होते. वेदनेच्या गोळ्या. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं की व्यायामाच्या अर्धा तास आधी एक गोळी घ्यावी. वन्सं घड्याळ लावून घ्यायच्या. मी सकाळची गोळी घेतच नव्हते. दुखणं देवानं दिलंय, ते सोसून त्याच्याच पायी वाहावं, असं मी मनाशी ठरवलं होतं. हे ठरवणं सगळंच भक्तीतून आलं नव्हतं. वन्संसाठी हे सारखी नवी पाकिटं आणायचे आणि माझं सकाळच्या गोळ्यांचं पाकीट तसंच भरलेलं. ते भरलेलं पाकीट मी मुद्दाम टेबलावर, यांच्या नजरेसमोर ठेवायचे. फिजिओबाई विचारायची, "गोळी घेतलीत ना?" मी "हो" म्हणायचे. आदल्या रात्री झोपताना घेतलेली असायची, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. मग ती टाच मागे सरकवायला लागली की मी तिचं मनगट घट्ट धरून ठेवायचे.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी गुडघ्याला अंश मोजायची पट्टी लावली. बहात्तर.

"आणखी दोन आठवडे देतो," ते म्हणाले. "तोवर नव्वद झाले नाहीत तर पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागेल. भूल देऊन गुडघा वाकवू. आतली आवळलेली गाठ जोर लावून सोडवायची."

मागच्या भुलीतून मी तीन दिवस नीट बाहेर आले नव्हते. यांना ओळखलं नव्हतं म्हणे. परत येताना गाडीत हे म्हणाले, "ताई कसं करते ते एकदा बघून तरी घे."

"मरेन, पण जाणार नाही."

चौथ्या दिवशी गेले. शिकायला नव्हे. एवढा गुडघा वाकतोच कसा, फिजिओबाई त्यांचा आकडा वाढवून तर सांगत नाही ना, हे डोळ्यांनी बघायला. यांची दुपारची झोप लागली आणि मी कठडा धरून जिना उतरू लागले. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला, एवढं शिकवलेलं. चौदा पायऱ्यांना वीस मिनिटं लागली. शेवटच्या पायरीवर होते तेवढ्यात आतून आवाज आला.

"वाक मेल्या! वाक! पन्नास वर्षं मशीन चालवलंस ना, आता एवढंसं वाकायला मरण येतं तुला?"

दार लोटलं. वन्सं लाकडी खुर्चीवर बसल्या होत्या. टाच खुर्चीखाली ओढलेली, तोंड लालबुंद, डोळ्यांतून धार. खाली फरशीवर शिलाईच्या खडूच्या रेघाच रेघा. प्रत्येक रेघेपुढे तारीख. त्यांचा त्या अंशबिंशांवर विश्वास नव्हता. टाच खुर्चीच्या पायापासून किती इंच मागे गेली, ते त्या टेपनं मोजत होत्या. पहिल्या दोन आठवड्यांच्या रेघा तर मागे सरकायच्या ऐवजी उलट पुढे येत होत्या.

"एकटी उतरलीस?" त्या ओरडल्या. "डोकं फिरलंय का तुझं, वहीवाले? पडली असतीस म्हणजे? बस आधी!"

मी पलंगावर बसले. तोंडून निघून गेलं, "तुम्हालाही दुखतं?"

"नाही, गुदगुल्या होतात. काय पण विचारतेस!" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "दाखव बघू तुझा."

मी टाच मागे घेतली. जेमतेम वीतभर सरकली आणि मी ओठ चावले. वन्सं माझ्या गुडघ्याकडे बघतच नव्हत्या, तोंडाकडे बघत होत्या. गिऱ्हाइकाचं माप घेताना बघतात तशा.

"गोळी किती वाजता घेतलीस?"

"रात्री."

"आजची विचारतेय."

मी पाय सरळ केला.

"घेतच नाहीस? अगं बाई, का?"

"देवाला वाहायचं दुखणं..." मी म्हटलं.

वन्संनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "देवाला तुझं दुखणं कशाला हवंय गं? त्याच्याकडे दुखण्यांची काय कमी आहे? बोथट सुईनं शिवत बसलीस आणि म्हणतेस, टाके का उसवतात!"

दुसऱ्या दिवसापासून दहाला गोळी, साडेदहाला मी खाली. हे माझा हात धरून उतरवायचे. वन्सं समोर स्टुलावर बसून माझी टाच दोन्ही हातांनी मागे दाबायच्या आणि दहापर्यंत आकडे मोजायच्या. आठला आल्या की मुद्दाम रेंगाळायच्या. मी शिव्या द्यायचे. हो, मी! त्या म्हणायच्या, "दे, दे. अडतीस वर्षांच्या साठलेल्या असतील." दुखत होतंच, पण आता दुखण्याच्या पलीकडे गुडघ्याला जागा होती. त्यांचे हात मात्र मला सोसवत नव्हते. जाड, सुयांनी भोकं पडलेले, कुठे किती ताण द्यायचा ते नेमकं ओळखणारे हात. यांना या हातांनी वाढवलं, आणि आता मलाही हेच हात सरळ करायला निघाले होते. खोलीच्या दारात उभे राहून हे आम्हा दोघींकडे असं कौतुकानं बघायचे की ते कौतुक नक्की कुणाचं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

डॉक्टरांनी दिलेले दोन आठवडे संपले. डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं. त्यांनी पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली.

"त्र्याण्णव! थिएटर रद्द. काय जादू केलीत, काकू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वन्संही.

"देवाची कृपा," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पण मी ते का म्हणाले, ते मला आणि देवाला ठाऊक आहे.

वन्संनी चष्मा नाकावर ओढला. "हो का? मग काल माझ्या खोलीत बसून टाच ओढत होता तो देवच की काय? मला कसा दिसला नाही!"

डॉक्टर खो खो हसले, हेही हसले. मी हसले, पण जरा उशिरा. मग डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. सकाळची गोळी सहा आठवडे का घेतली नाही, मग कुणी घ्यायला लावली, रोज साडेदहाला कुणी पाय दाबला. सगळं सांगितलं, पण बोलताना नजर डॉक्टरांच्या टेबलावरच ठेवली. वन्संच्या तोंडावर तेव्हा जे काही होतं ते बघायची माझी अजून तयारी नव्हती.