गुहेबाहेरचे बूट

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. नव्वदच्या दशकात मी इंदापूर भागात उपनिरीक्षक होतो. एका सोमवारी सकाळीच काटेवाडीच्या एक बाई ठाण्यात आल्या. त्यांचे यजमान शाळामास्तर. सुट्टी मिळाली की डोंगर आणि गुहा पालथ्या घालायचा त्यांना नाद. रविवारी पहिल्या एसटीने आमच्या भागातल्या एका डोंगरातली गुहा बघायला निघालेले मास्तर परतले नव्हते. डोंगर आमच्या हद्दीत, म्हणून बाईंना बारामतीहून आमच्याकडे धाडलं होतं. ठाणे अंमलदाराने मिसिंग, म्हणजे बेपत्ता झाल्याची तक्रार, दाखल केली.

त्या डोंगराच्या पोटात मोठी नैसर्गिक गुहा आहे. पुढच्या दालनात पन्नास माणसं सहज बसतील. तिथे शेंदूर लावलेला देव, आणि त्याच्या मागून एक अरुंद वाट अंधारात उतरते. हवालदार आणि गावचे पोलीस पाटील तात्या यांना घेऊन मी दोन तास चढलो. तोंडाशी पोचताच तात्यांनी आधी जमीन पाहिली. तिथे पायताण बाहेर काढूनच आत जायची रीत. आत कोणी आहे का, हे गावकरी त्यावरूनच ओळखत.

"पायताण न्हाय म्हंजी आत माणूस न्हाय, साहेब," तात्या म्हणाले.

मास्तर देवाच्या जागी बूट घालून पाऊल टाकत नाहीत, असं बाईंनीही सांगितलं होतं. मला पटलं. मी तोंडाशी उभा राहून दोनदा शिट्टी वाजवली, थोडं कान देऊन ऐकलं आणि उतरलो. खरं सांगायचं तर ऊन तापलं होतं आणि मला भूक लागली होती. स्टेशन डायरीत लिहिलं, 'गुहेत कोणी नाही.'

पण चैन पडेना. मास्तरांना फाट्यावर सोडल्याचं एसटीच्या कंडक्टरने सांगितलं, परतताना मात्र कोणीच पाहिलं नव्हतं. बाई ठाण्यातल्या बाकावर बसून होत्या. फोन वाजला की उठून उभ्या राहायच्या. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी उगाच कपाटातल्या फायली खालीवर करत बसलो.

मंगळवारी सकाळी स्टँडवरच्या चहावाल्याने खबर दिली. फाटक्या धोतरातला एक माणूस भारी बूट घालून फिरतोय आणि बूट त्याला चांगलेच मोठे होतात. हवालदार त्याला घेऊन आला. पन्नाशीचा शेळ्या राखणारा गडी. बाईंनी बूट ओळखले आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. हवालदाराने थेट खुनापासून सुरुवात केली. गडी हात जोडून कोपऱ्यात सरकला. माझाही हात उठला होता. पण बूट उतरवले तेव्हा त्याचे तळवे दिसले. भेगाळलेले, एका टाचेला चिंधी बांधलेली. घाबरलेल्या माणसावर मोठा गुन्हा घातला की तो लहानही कबूल करत नाही. मी हात खाली घेतला, चहा मागवला आणि बूट कुठे मिळाले एवढंच विचारलं.

"गुहेच्या तोंडाशी व्हतं, साहेब. आईतवारी. काट्यानं पाय सडलाय माजा. आत माणूस हाय ठावं व्हतं. त्यो भाईर यायच्या आत पळालो."

म्हणजे काल आम्ही गेलो तेव्हा मास्तर आतच होते. दोर, बॅटऱ्या आणि गावातली चार माणसं घेऊन आम्ही धावलो. देवाच्या मागच्या वाटेने बरंच खाली गेल्यावर मास्तर सापडले. अनवाणी पाय वटवाघळांच्या घाणीवरून घसरून ते कपारीत पडले होते. मांडीचं हाड मोडलेलं. दगडातून पाझरणारं पाणी चाटून त्यांनी दोन दिवस काढले होते.

वर आणताना त्यांनी माझा हात धरला. "काल शिट्टी ऐकली," ते म्हणाले. "लई ओरडलो मी. वाटलं, येतील आता." त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मास्तर वाचले, पण थोडे लंगडत चालू लागले. बुटांची फिर्याद द्यायला त्यांनी नकार दिला. पुढे नोकरी संपेपर्यंत, स्वतः आत जाऊन आल्याशिवाय 'कोणी नाही' असं मी कधी लिहिलं नाही.

त्या गड्याने मास्तरांचे बूट नेले होते. मी त्यांचा एक अख्खा दिवस नेला, आणि त्याची फिर्याद कुठल्याच ठाण्यात दाखल नाही.