किल्ली सेक्रेटरीकडे आहे

माझे सासरे चाळीस वर्षं नळकाम करतायत. गावातल्या निम्म्या इमारतींचे संडास त्यांनी बसवलेत. लोक त्यांना पानेकाका म्हणतात, कारण पाना त्यांच्या मागच्या खिशातून कधी उतरत नाही.

प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि ओटीपोटाला रेडिएशन ठरलं. आठवड्यातून पाच दिवस, साडेसात आठवडे. डॉक्टर म्हणाले, "पोट थोडं बिघडेल, घाबरू नका."

थोडं!

रोज सकाळी मी बाबांना स्कूटरवर न्यायची. तिसऱ्या आठवड्यात ते वाटेत दोन-दोनदा थांबवायला लागले. कधी पेट्रोलपंप, कधी बँक. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही गं, पाणी जास्त प्यालो." दिवसातून दहादा जावं लागतं, कळ आली की मिनिटाचाही धीर निघत नाही, आणि नंतर तिखट चोळल्यासारखी आग होते, हे सुनेला कोण सांगणार? नर्स रोज विचारायची, "काही त्रास?" बाबा म्हणायचे, "मस्त!" घरी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ताकद यावी म्हणून कोंडा, कच्च्या भाज्या आणि फळं भरवत होत्या. म्हणजे आगीत तेल.

चौथ्या आठवड्यात दुपारी ते एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बेसिन दुरुस्त करायला गेले. अर्ध्यात कळ आली. घरच्या बाईला संडासाचं विचारलं, तर ती म्हणाली, "आमचा आत्ताच धुतलाय. खाली वॉचमनचा आहे ना." पोट धरून खाली आले, तर कुलूप.

"किल्ली सेक्रेटरीकडे आहे," वॉचमन म्हणाला.

सेक्रेटरी गेटजवळच्या खोलीत पंख्याखाली बसला होता. "कामगारांना देत नाही आम्ही. आज एकाला दिली की उद्या दहा येतात."

"साहेब, मी आजारी आहे."

"मग कामाला कशाला येता?"

व्हायचं ते तिथेच, त्या दारात झालं.

बाबांचा फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ये." मी गेले. मीटरच्या खोलीमागे भिंतीला पाठ लावून उभे होते, माझ्याकडे बघत नव्हते. मी माझं जॅकेट त्यांच्या कमरेला बांधलं आणि त्यांची पिशवी आणायला वर गेले. ती बाई म्हणाली, "अहो, बेसिन तसंच उघडं पडलंय!"

"पडू दे," म्हटलं. आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार.

घरी बाबांनी स्वतःला न्हाणीत कोंडून घेतलं आणि कपडे धुवायला लागले. आईंनी दार बडवलं.

"चाळीस वर्षं लोकांची घाण उपसलीत, तेव्हा लाज नाही वाटली! नर्स रोज विचारत होती तेव्हा जीभ झडली होती का?"

"बायकांना सांगायची गोष्ट आहे का ही?" आतून आवाज आला.

"मग मरा असेच!" म्हणाल्या आणि रडत माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं? रोज नेतेस, डोळे कुठे ठेवतेस?"

त्यांचं खोटं नव्हतं. पेट्रोलपंपावर तिसऱ्यांदा थांबलो तेव्हाच मला कळलं होतं. मीही लाजले होते.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या समोरच मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बऱ्याच जणांना होतं हे. आधी का नाही बोललात?"

इतके दिवस गप्प असलेले बाबा उसळले. "आधी तुम्ही का नाही बोललात? थोडं म्हणजे किती? टाकी थोडीच गळते म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगितलं आणि छत खाली आलं, तर तो मला जोड्याने मारेल!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग पोट तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, कोंडा आणि कच्चं सध्या बंद करायला सांगितलं. रक्त दिसलं तर लगेच यायचं, उपचार संपून वर्ष झालं असलं तरीही. हे सगळं पहिल्या दिवशी सांगायला पाच मिनिटं लागली असती.

कोंडा बंद झाला म्हणून आई फुगल्या. "मी काय विष घालत होते?"

उपचार संपल्यावर दोन महिन्यांनी पोट बरंचसं ताळ्यावर आलं. पूर्ण नाही. कळ अजूनही अवधी देत नाही. काम घेताना बाबा आता फोनवरच विचारतात, "संडास वापरू द्याल ना? नसेल तर दुसरा माणूस बघा." काहीजण फोन कापतात.

त्या सेक्रेटरीचाही फोन आला, पाइप फुटला होता. बाबांनी फोन माझ्या हातात दिला. मी सुरुवात केली, "किल्ली..." शेवटचे दोन शब्द आईंनी पुरवले, "सेक्रेटरीकडे आहे!"